फुफी घरी आल्या तेव्हा

२०२४ च्या जूनमध्ये माझ्या फुफी बार्शीहून पुण्याला आमच्याकडे आल्या. वय ८६. अंगणातल्या ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं होतं. आता वॉकर धरून चार पावलं टाकता येत होती, तीही कुणी शेजारी उभं असेल तर. फुफांना जाऊन वीस वर्षं झाली. मूलबाळ नाही. एकुलता एक भाऊ म्हणजे माझे अब्बा, तेही आता नाहीत. "पंधरा दिवस राहते, मग जाते," असं म्हणून त्या आल्या. आम्हीही मान डोलावली. त्या परत एकट्या राहू शकणार नाहीत हे त्यांनाही माहीत होतं आणि आम्हालाही, पण पहिल्याच दिवशी ते बोलून दाखवायचं धाडस कुणी केलं नाही. आज वर्ष उलटून गेलं. फुफी आमच्याकडेच आहेत.

या अंकाचं संपादकीय खरं तर दुसऱ्या विषयावर ठरलं होतं. पण आपल्या मागच्या मासिक बैठकीला एक गोष्ट घडली, आणि मला वाटलं की आधी याबद्दल बोललं पाहिजे. ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी फुफींचं.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. फुफी येणार म्हटल्यावर मी ते एखाद्या प्रोजेक्टसारखं घेतलं. आठ दिवस आधीच ऑनलाइन व्हीलचेअर मागवली. चांगली, घडी होणारी. ती घरी आली, उघडली आणि हॉलमधून बाथरूमकडे नेली, तर दारातच अडकली. दाराची मोकळी रुंदी २४ इंच, खुर्ची २६ इंच. रोज शंभर वेळा ज्या दारातून मी ये-जा करतो, ते किती रुंद आहे हे मला तोवर माहीत नव्हतं. माहीत असण्याची गरजच पडली नव्हती, कारण ते दार माझ्यासारख्यांसाठीच केलेलं आहे.

मग टेप घेऊन घर मोजायला लागलो. बाथरूमच्या दारात दीड इंचाची संगमरवरी पट्टी, पाणी बाहेर येऊ नये म्हणून. पायात ताकद नसलेल्या माणसाला तो दीड इंच म्हणजे डोंगर. हॉलमधलं पायपुसणं घसरतं. दिवाणाची उंची १४ इंच. त्यावर बसलं की फुफींना उठताच येत नाही, कारण गुडघे कमरेच्या वर जातात. कमोडची सीटही तशीच खाली. दिव्याचं बटण पलंगापासून सहा फुटांवर. म्हणजे रात्री अंधारात चालत जाऊन मग दिवा लावायचा.

खाली बिल्डिंगच्या दाराशी तीन पायऱ्या. उताराचा साधा हिशोब असा आहे की एक इंच उंचीला निदान एक फूट लांबीचा उतार हवा, त्याहून तिरका असेल तर व्हीलचेअर ढकलणाऱ्याला झेपत नाही आणि उतरताना ती हातातून सुटते. तीन पायऱ्या म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फुटांचा उतार. आमच्या सोसायटीने पूर्वी कधीतरी एक उतार केलेला आहे, जेमतेम सहा फुटांचा. त्याच्यावरून स्कूटर चढते. माणूस चढत नाही.

घर भाड्याचं. बाथरूमच्या टाइल्सना भोकं पाडून धरायचे दांडे बसवायचे म्हटल्यावर मालकांनी आधी नाही म्हटलं. रबराच्या कपाने चिकटणारे दांडे बाजारात मिळतात, ते मी आणून पाहिले. दोन दिवसांत एक निघून हातात आला. माझ्या हातात आला म्हणून बरं झालं. मग मालकांना घरी बोलावलं आणि फुफींना भेटवलं. दोघांच्या गप्पा झाल्या, त्यांच्या आईचा विषय निघाला, आणि जाताना ते म्हणाले, "ड्रिल मारा, टाइलचं नंतर बघू." पलंगाच्या पायांखाली लाकडी ठोकळे घातले. कमोडवर उंच सीट बसवली. बाथरूममध्ये प्लास्टिकचं स्टूल नको, ते सरकतं. पायांना रबर असलेली, हात टेकायला असलेली आंघोळीची खुर्ची आणली. पायपुसणी उचलून टाकली. या सगळ्याचा खर्च माझ्या मोबाइलपेक्षा कमी आला.

मला वाटलं, झालं. प्रोजेक्ट पूर्ण.

दुसऱ्या दिवशी सकाळी फुफींना पलंगावरून उठवताना मी मागून काखेत हात घातले आणि उचललं. त्या ओरडल्या. "मैं क्या जवारी का थैला हूँ? पूछ के उठाते नै क्या!"

मी चपापलो. खरं होतं. मी दार मोजलं, पलंग मोजला, कमोड मोजला, पण ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता. आमच्या धंद्यात याला फार वाईट समजतात. वापरणाऱ्याला न विचारता केलेलं सॉफ्टवेअर कितीही छान असलं तरी पडून राहतं. तरीही घरात मी तेच केलं, कारण म्हाताऱ्या माणसाला काय हवं ते आपल्याला आधीच माहीत असतं, असं आपण गृहीत धरतो.

त्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून विचारलं. त्यांच्या मागण्या अशा होत्या. पलंग भिंतीकडून काढून खिडकीपाशी लावा, रस्ता दिसू दे. भाजी निवडायला माझ्याकडे द्या, हात चालतात माझे. चष्मा, पाणी आणि फोन माझ्या उजव्या हाताला ठेवा, डावा खांदा दुखतो. आणि उचलू नका, मी स्वतः उठते, तुम्ही फक्त उभे राहा. नंतर फिजिओथेरपिस्ट बाईंनी तेच शिकवलं. आधी पलंगाच्या कडेला सरकायचं, पावलं जमिनीवर पूर्ण टेकवायची, पुढे वाकायचं आणि मग उठायचं. मदत करणाऱ्याने हात किंवा काख ओढायची नाही, कमरेला आधार द्यायचा. एक-दोन-तीन म्हणायचं, म्हणजे दोघांचा जोर एकदम लागतो. माणूस उचलण्याची आणि माणसाला उठायला मदत करण्याची पद्धतच वेगळी आहे, हे मला छत्तिसाव्या वर्षी समजलं.

आता जी गोष्ट सांगणार आहे, ती सांगायला मला लाज वाटते. पण तिच्यासाठीच हे लिहायला घेतलं आहे.

ऑगस्टमध्ये एका रात्री फुफींना ताप भरला. सकाळी त्या मला अब्बांच्या नावाने हाका मारू लागल्या. बार्शीच्या घराचं दार उघडं राहिलंय, बकरी आत गेली, असं काहीबाही बोलू लागल्या. आम्हाला वाटलं, डोक्याला काही झालं. डॉक्टरांनी तपासलं. लघवीच्या मार्गाचा संसर्ग होता. या वयात तो असाही दिसतो, जळजळ वगैरे राहते बाजूला आणि माणूस एकदम बरळायला लागतो. डॉक्टरांनी विचारलं, "पाणी किती पितात?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. कुणालाच माहीत नव्हतं.

बरं वाटल्यावर फुफींनी माझ्या बहिणीला सांगितलं, मला नाही. मगरिबनंतर त्या पाणीच पीत नव्हत्या. पाणी प्यायलं की रात्री उठावं लागतं. उठायचं म्हणजे माझ्या बायकोला हाक मारावी लागते. ती दिवसभर शाळेत शिकवून येते, सकाळी सहाला उठते, तिची झोप मोडते. म्हणून दुपारीही घोटभरच प्यायचं आणि संध्याकाळनंतर तेही बंद. दोन महिने हे चाललं होतं. आम्ही रोज म्हणायचो, "फुफी, कधीही उठवा, संकोच करू नका." आम्ही ते मनापासूनच म्हणत होतो. पण रात्री दोनला हाक आली की आमच्या तोंडून जो सुस्कारा निघायचा, चादर जशी झटकली जायची, चपला जशा वाजायच्या, ते त्यांना ऐकू येत होतं.

सूरह बनी इस्राईलमधल्या तेविसाव्या आणि चोविसाव्या आयती आपल्यापैकी प्रत्येकाने लहानपणापासून ऐकल्या आहेत. म्हातारपणी पोहोचलेल्या आईबापांना 'उफ'सुद्धा म्हणू नका, झिडकारू नका, त्यांच्याशी अदबीने बोला, असा त्यांचा आशय. जुम्म्याच्या बयानात, लग्नातल्या भाषणात, व्हॉट्सॲपवर त्या सतत येतात. आपण त्यांचा अर्थ असा घेतो की तोंडातून वाईट शब्द जाऊ द्यायचा नाही. पण 'उफ' हा मुळात शब्द कुठे आहे? तो एक उसासा आहे. वैतागाचा सगळ्यात छोटा आवाज. त्याची मनाई आहे, कारण ज्याला आपल्या देहासाठी दुसऱ्याची मदत लागते तो माणूस सगळ्यात आधी तोच आवाज ऐकतो, आणि मग पाणी प्यायचं सोडतो.

आता उपाय ऐका, तो अगदी साधा आहे. पलंगाला लागून कमोडची खुर्ची ठेवली. रात्रभर एक मंद दिवा. पलंगाला एक बिनतारी घंटी, दुकानांच्या दाराला असते तसली. तिचा आवाज आमच्या खोलीत येतो. आणि रात्रीच्या पाळ्या लावल्या. एक रात्र मी, एक रात्र बायको. पाळी कुणाची ते फुफींना सांगून ठेवायचं. आज भाच्याची पाळी आहे म्हटलं की त्या निवांत पाणी पितात, कारण भाचा सकाळी नऊपर्यंत झोपू शकतो हे त्यांना माहीत आहे. पाण्याची एक लिटरची बाटली भरून उजव्या हाताला. ती संध्याकाळी रिकामी झाली का, एवढंच बघायचं.

त्याच दिवसांत आणखी एक गोष्ट कळली. फुफींनी नमाज सोडली होती. कधी कधी लघवी थेंब थेंब होते, कपडे पाक राहत नाहीत, अशा अवस्थेत जानमाजवर कसं बसायचं, ही शरम. ज्या बाईने साठ-सत्तर वर्षं फजर चुकवली नाही, तिने ती गुपचूप सोडली आणि आम्हाला पत्ताही नाही. खरं तर उभं राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर पडून नमाज पढण्याची मुभा हदीसमध्येच आहे. पाण्याने त्रास होत असेल तर तयम्मुम आहे. ज्याला हा थेंबांचा त्रास सतत आहे, त्याने प्रत्येक वक्ताला वुजू करून नमाज पढावी, ही सवलत फिकहने माजूर माणसाला दिलेली आहे. आमच्या मोहल्ल्यातल्या इमामसाहेबांनी फोनवर पाच मिनिटांत फुफींना समजावून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी खुर्चीवर बसून जोहरची नमाज पढली आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ दुआ केली. दीन सवलत देतो. ती मिळू देत नाही ती आपली शरम, आणि त्या शरमेबद्दल घरात कुणी बोलत नाही.

आता खिदमतीबद्दल. हा शब्द आपल्याकडे फार प्रेमाने वापरला जातो. "मी माझ्या फुफींची खिदमत करतो," असं मी चारचौघांत सांगायचो. लोक माशाअल्लाह म्हणायचे. एका रविवारी माझ्या बहिणीने फ्रिजवर एक कागद लावला आणि आठवडाभर त्यावर प्रत्येकाने आपण फुफींचं जे काम केलं ते लिहायचं ठरलं. आंघोळ, कपडे, गोळ्या, जेवण, व्यायाम, दवाखाना, रात्रीचं उठणं, सगळं. शनिवारी कागद काढला. बायकोच्या आणि बहिणीच्या नावापुढे रांगा लागल्या होत्या. माझ्या नावापुढे होत्या दोन पाळ्या, एक फेरी दवाखान्याची, आणि ऑनलाइन मागवलेल्या सामानाची यादी. मी खिदमत करत नव्हतो. मी व्यवस्थापन करत होतो, आणि शाबासकी घेत होतो.

सुनेने सासरच्या माणसांची सेवा करणं हे तिचं कर्तव्यच आहे असं आपल्या घरांमध्ये मानतात, आणि त्याला दीनचा आधार देतात. फिकहमध्ये तसं बंधन तिच्यावर नाही. आईबापांची जबाबदारी त्यांच्या लेकरांवर आहे. सूनबाई करते तो तिचा एहसान आहे, तिचा चांगुलपणा आहे. एहसान समजून घेतला तर आपण आभार मानतो आणि हात लावतो. कर्ज समजून घेतला तर वसूल करतो. रसूलल्लाह (स.) घरात असत तेव्हा घरच्यांच्या कामाला हातभार लावत, असं हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितल्याची नोंद हदीसमध्ये आहे. सुन्नत म्हणून दाढीची लांबी मोजणारे आपण, ही सुन्नत किती जण पाळतो?

आज मी फुफींचं जेवण, गोळ्या, सकाळ-संध्याकाळचं चालणं आणि एक दिवसाआड रात्र बघतो. आंघोळ त्यांना बाईमाणसाच्या हातूनच हवी असते, तो त्यांचा हक्क आहे. त्यासाठी आता एक मावशी येतात, मूळच्या उस्मानाबादकडच्या. फुफींचं आणि त्यांचं मराठीत गूळ, ज्वारी आणि दुष्काळ यांवर तासभर चालतं. मावशींना आठवड्याची सुट्टी आहे आणि ईदला जसा त्यांना बोनस तसा दिवाळीलाही आहे. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाची इज्जत राखण्यासाठी दुसऱ्या गरीब बाईला पिळून घेतलं, तर ती कसली खिदमत?

इथे एक कायद्याची बाब, जी आपल्या तरुणांना माहीत असायला हवी. 'आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७' हा कायदा सगळ्या धर्मांच्या लोकांना लागू आहे. त्यात मुलगे आले तसे मुली, नातू आणि नातीही आल्या. दाद मागायला कोर्टाची पायरी चढावी लागत नाही, प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साधा अर्ज करता येतो आणि तिथे वकील लागत नाही. आणि ज्यांना मूलबाळ नाही त्यांनाही हा कायदा वाऱ्यावर सोडत नाही. अशा ज्येष्ठाची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारशाने मिळणार आहे, त्या ऐपतदार नातेवाइकावर त्यांना सांभाळण्याची जबाबदारी आहे.

हे वाचल्यावर मी थांबलो. फुफींचं बार्शीत दोन खोल्यांचं घर आहे. हनफी वारसा कायद्याने ते कुणाला जाईल? फुफांचा इंतकाल झालेला, अपत्य नाही, भाऊ नाही. म्हणून भावाचा मुलगा, म्हणजे मी. असबा म्हणून सगळं मला. माझी सख्खी बहीण, जी दर रविवारी दोन बस बदलून येते, फुफींच्या केसांना तेल लावते, नखं कापते, तिला काहीही नाही. ती भावाची मुलगी. दूरच्या नातलगांच्या रांगेत तिचा नंबर, आणि मी जिवंत असताना तो कधी लागत नाही.

फुफींना हे मी सांगितलं. त्यांना ते आधीच माहीत होतं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "करती वो, लेता तू."

रस्ते आहेत, आणि ते शरियतच्या आतलेच आहेत. वारस नसलेल्याच्या नावाने एक तृतीयांशपर्यंत वसीयत करता येते. त्याहून जास्त द्यायचं तर वारसाची संमती लागते. हयातीत हिबा करता येतो, फक्त देणाऱ्याने दिलं, घेणाऱ्याने घेतलं आणि ताबा दिला, हे तिन्ही व्हायला हवं. आणि २००७ च्या कायद्यात आणखी एक सोय आहे. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने सांभाळलं नाही, तर तो व्यवहार रद्द करून घेता येतो. म्हणून ही अट कागदावर लिहून घ्यावी. अर्ध्याची गोष्ट आता आमच्या घरात ठरली आहे. एक तृतीयांश वसीयतीत, उरलेल्यासाठी माझी संमती लेखी. पण वारसाची संमती खरी धरली जाते ती मृत्यूनंतरची, म्हणून त्या दिवशी मी फिरलो तर हा अंक माझ्यासमोर धरायला बहिणीला मोकळीक आहे. आपण तिहेरी तलाकवर बोललो, बहुपत्नीत्वावर बोललो, ते बोललंच पाहिजे. पण घरोघरी सेवा बायकांची आणि वारसा पुरुषांचा हे जे शांतपणे चाललं आहे, त्यावर बोलायला मोर्चा लागत नाही. घरातल्या माणसांनी एकदा एकत्र बसावं लागतं.

माझ्या हातून घडलेली दुसरी चूक मताची. २० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. सकाळी फुफींनी विचारलं, "मला कधी नेणार?" १९६२ पासून एकही मतदान चुकवलं नाही, असं त्या सांगतात. ८५ च्या पुढच्या मतदारांना आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आता घरबसल्या मत देता येतं. त्यासाठी निवडणूक जाहीर झाल्यावर मुदतीत १२-ड नमुन्यातला अर्ज भरायचा, मग कर्मचारी घरी येतात. फुफी त्यात बसत होत्या. पण त्यांचं नाव बार्शीच्या यादीत, आणि त्या पुण्यात. नमुना ८ भरून नाव इकडे आणायला हवं होतं. पाच महिने हातात होते, मला सुचलंच नाही. त्यांचं आधार, बँकेचं पासबुक, औषधांची फाइल, सगळं मी मुक्कामी आणलं होतं, फक्त मत आणलं नव्हतं. घरात आणलेला म्हातारा माणूस आपल्या मनात रुग्ण होतो, आणि रुग्णाला मत असतं हे आपण विसरतो. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी माझ्या बोटावरची शाई बघितली आणि काही बोलल्या नाहीत.

आता बैठकीची गोष्ट. मागच्या महिन्याची आपली बैठक नेहमीच्या सभागृहात झाली. दुसरा मजला, लिफ्ट नाही. विषय होता 'समान नागरिकत्व'. बैठक संपवून आम्ही खाली आलो तर समोरच्या चहाच्या टपरीवर आपले एक जुने कार्यकर्ते बसलेले. सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यांनी कायमचे जायबंदी. आपल्यापैकी अनेकांचा जन्म झाला नव्हता तेव्हापासून ते या कामात आहेत. बसने आले होते. जिना बघितला, चढवणार नाही हे कळलं, फोन करून कुणाला त्रास द्यायचा म्हणून केला नाही. दोन तास टपरीवर बसून राहिले. "तुमचा आवाज खालपर्यंत येत होता," म्हणाले.

फुफींनी पाणी सोडलं होतं, यांनी फोन सोडला. कारण एकच.

आपण मशिदींवर टीका करतो, आणि ती रास्त आहे. किती मशिदींच्या वुजूखान्यात बसायला टेकण असलेली जागा आहे? म्हाताऱ्या पुरुषांसाठी निदान मागच्या सफमध्ये चार खुर्च्या तरी दिसतात. म्हाताऱ्या बायकांसाठी मशिदीतच जागा नाही, तर खुर्ची कुठून येणार? किती शादीखाने पहिल्या मजल्यावर आहेत, जिथे दादी-नानींना दोघा पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून न्यावं लागतं आणि लोक त्याचा व्हिडिओ काढतात? पण आपली स्वतःची बैठक दुसऱ्या मजल्यावर होती आणि विषय समान नागरिकत्व होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचा हवाला आपण निवेदनांमध्ये देतो. त्याची सुरुवात आपल्याच जिन्यापासून करू.

म्हणून तीन गोष्टी ठरवल्या आहेत. पुढच्या महिन्यापासून आपल्या सगळ्या बैठका तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेल्या जागी होतील. निमंत्रणातच पायऱ्या किती, संडास कसलं, बसायला खुर्ची आहे का, हे लिहिलं जाईल. आणि प्रत्येक शाखेने आपल्या मोहल्ल्यातल्या ज्येष्ठांची यादी करून कुणाचं नाव कुठल्या मतदार यादीत आहे, कुणाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं, कुणाला राष्ट्रीय वयोश्री योजनेतून वॉकर, काठी किंवा व्हीलचेअर मिळू शकते, राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेतले तीन हजार रुपये कुणाला मिळाले नाहीत, हे बघायचं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लावून द्यायची. फॉर्म भरणं हे आपल्याला सहज जमणारं काम आहे. दिवसभर आपण दुसरं करतो काय?

आणि घरी, दोस्तांनो, आज एवढंच करा. तुमच्या घरात म्हातारं माणूस असेल तर बाथरूमचं दार मोजा. पलंगावर बसून हात लांब करा आणि दिव्याचं बटण लागतं का बघा. मग त्यांच्याजवळ बसा आणि विचारा, "तुम्ही संध्याकाळनंतर पाणी पिता का?" उत्तर 'नाही' आलं तर कारण त्यांना विचारू नका. स्वतःला विचारा.

फुफींचा नमुना ८ आम्ही जानेवारीत भरला. नाव आता पुण्याच्या यादीत आहे. परवा त्यांनी भाजी निवडता निवडता विचारलं की इथे महापालिकेला कोण उभं राहणार, आणि तो माणूस खालच्या उताराचं काही करणार का. मी म्हटलं, तुम्हीच विचारा त्याला, मत मागायला घरी येईलच. त्या म्हणाल्या, "आने दे."